पहिली पदवी बडोद्यात की पुण्यात: शैक्षणिक कर्ज कोणत्या टप्प्यावर काढावे?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राचा आशय वाचकांसाठी थोडक्यात देतो. आपण बडोद्याच्या कारेलीबागेत राहता, वय 52, वार्षिक पगार 11 लाख, निवृत्ती 58व्या वर्षी. मुलीला महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या सायन्स फॅकल्टीत प्रवेश मिळाला असून तिथे ती सांख्यिकी घेऊ शकते. पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठानेही तिला डेटा सायन्सच्या पदवीसाठी जागा देऊ केली आहे. बडोद्याची फी वर्षाला काही हजारांत भागते. पुण्याची फी 3 लाख, शिवाय वसतिगृह आणि खाणावळीचे दीड लाख. फीसाठी 9 लाखांचे कर्ज काढावे आणि राहण्याखाण्यासाठी 6 लाखांची मुदत ठेव मोडावी, असा आपला बेत आहे.

माझे मत असे की हे कर्ज पहिल्या पदवीसाठी काढू नये. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला माझा विरोध नाही. उलट ते पुढे बहुधा काढावे लागेल, आणि म्हणूनच आपली कर्ज फेडण्याची ताकद आज खर्ची पडू नये असे मला वाटते.

शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, परंतु व्याजाची आकारणी पहिल्या दिवसापासून चालू असते. दर 10 टक्के धरला आणि दरवर्षी 3 लाख उचलले, तर सरळ व्याजानेही हप्ते सुरू होईपर्यंत 2 लाख 70 हजार रुपये चढतात, म्हणजे फेड 11 लाख 70 हजारांची होते. ती दहा वर्षांत करायची तर महिन्याला सुमारे 15,500 रुपये, आणि एकूण साधारण साडेअठरा लाख. पहिला हप्ता येईल तेव्हा आपण 56 वर्षांचे असाल आणि शेवटचा येईल तेव्हा 66. कर्ज मुलीच्या नावावर असले तरी सहकर्जदार आपणच असाल, त्यामुळे तिला नोकरी लागायला वेळ लागला तर बँक आपल्याकडेच येईल. त्यातच धाकटा मुलगा आज आठवीत आहे. हे हप्ते सुरू झाल्यावर वर्षभरातच त्याच्या कॉलेजचा खर्च उभा राहील.

व्याजावर कर वाचेल, हा आपला हिशेब मात्र बरोबर नाही. 80ई म्हणून आपण जी वजावट ओळखतो ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणजे आपल्या पगारावर मुळात करच नाही, मग वाचवायचे काय? पीएम विद्यालक्ष्मी योजनेतील 3 टक्के व्याजसवलतही 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. पीपीएफला हात लावू नका, सध्याचे 7.1 टक्के करमुक्त व्याज निवृत्तीच्या इतके जवळ आल्यावर सोडण्यासारखे नाही.

आता अभ्यासाविषयी, कारण केवळ स्वस्त म्हणून बडोदे निवडा असे मी सांगणार नाही. 1881 साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजपासून वाढत 1949 मध्ये विद्यापीठ झालेली ही संस्था आजही सरकारी अनुदानावर चालते, म्हणून तिथली फी कमी आहे. शिक्षण हलके आहे म्हणून नव्हे. माध्यम इंग्रजी असल्याने पुढे दुसऱ्या राज्यात जाताना अडत नाही. संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि अनुमानशास्त्र पक्के असलेल्या मुलीला संगणकाची साधने नंतर शिकता येतात, उलटा प्रवास फार कठीण जातो. पुण्याच्या अभ्यासक्रमात या तीन विषयांना किती सत्रे दिली आहेत, ते मागवून पाहा. तिथल्या समुपदेशकाने आपल्याला सर्वाधिक पॅकेजचा आकडा सांगितला. आपण विचारा की मागच्या तुकडीत प्रवेश घेतलेल्या सर्वांपैकी कितींना नोकरी लागली आणि पगार चढत्या क्रमाने लावले तर मधला पगार किती येतो.

सरकारी विद्यापीठात वर्ग मोठे असतात आणि कोणी हात धरून पुढे नेत नाही, हेही खरे आहे. प्राध्यापकांना तासानंतर गाठणे, हंसा मेहता ग्रंथालयात बसून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे, तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून प्रकल्पांची माहिती काढणे, हे सारे मुलीने स्वतः करायचे असते. जी हे करते तिला पदव्युत्तर प्रवेशासाठीची आयआयटी जॅमची गणितीय सांख्यिकीची परीक्षा किंवा भारतीय सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा आवाक्याबाहेरची नाही. त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज काढायला मी आनंदाने सांगेन, कारण तेव्हा ती नोकरीच्या दाराशी असेल आणि हप्ते तिच्या पगारातून जातील.

मुलीचे एक म्हणणे मला महत्त्वाचे वाटते: घरी राहून कॉलेज करायचे म्हणजे शाळाच पुढे चालू ठेवल्यासारखे वाटेल, असे ती म्हणते. ही तक्रार उडवून लावू नका. फी वाचली म्हणून तिच्यावरचा खर्च शून्यावर आणू नका. महिन्याला 5,000 रुपये तिच्या स्वतःच्या खात्यात जाऊ द्या आणि त्याचा हिशेब मागू नका. चांगला लॅपटॉप घ्या, संध्याकाळी सातच्या आत घरी येण्याचा नियम शिथिल करा, आणि उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याला मामाकडे राहून तिला एखादी इंटर्नशिप करू द्या. लॅपटॉपचे 60 हजार धरूनही हे तीन वर्षांत 2 लाख 40 हजारांच्या आसपास जाते. पुण्याचा खर्च साडेतेरा लाख आहे.

मुदत ठेवीतले 3 लाख अडीअडचणीसाठी राहू द्या, उरलेले 3 लाख तिच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी वेगळे ठेवा. घरकर्जाचा 18,000 रुपयांचा हप्ता तीन-सव्वातीन वर्षांत संपेल. तो संपल्यावर तीच रक्कम मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला टाकायला लागा.

पुण्याच्या जागेसाठी भरलेले 25,000 रुपये बुडतील म्हणून निर्णय बदलू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाचे फी परताव्याचे नियम खाजगी विद्यापीठांनाही लागू आहेत आणि परतावा प्रवेश रद्द करण्याच्या तारखेवर अवलंबून असतो. मुलीशी बोलणे झाले की रद्द करण्याचा अर्ज याच आठवड्यात लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.