देव मानणाऱ्या मुलाने स्टँड-अप करावं का?

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर स्टँड-अप कॉमेडीचे ओपन माइक, म्हणजे कोणीही नवखा स्टेजवर विनोद सांगून बघतो असे कार्यक्रम, करतोय. कॉमेडियन मंडळींच्या लांबलचक मुलाखती ऐकतो. स्टेज, दौरे, देव-धर्म, सगळ्यावर ते मोकळेपणाने बोलतात आणि वाटतं, आपल्याला हेच करायचंय. कॉलेज सोडून पूर्णवेळ यात उतरू का? फिरतीचं आयुष्य झेपेल का? आणखी एक अडचण आहे. मी देव मानतो, रोज प्रार्थना करतो. माझ्याबरोबरचे बहुतेक जण नास्तिक आहेत आणि धर्माची खिल्ली उडवतात. त्यांच्यात मी उपरा वाटतो. सोबत माझ्या पाच मिनिटांच्या सेटचं, म्हणजे स्टेजवर सलग केलेल्या विनोदांचं, रेकॉर्डिंग जोडलंय.

उत्तर : पत्र वाचायच्या आधी मी तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. परीक्षेच्या आदल्या रात्री तू देवाशी सौदा करतोस, तो भाग चांगला आहे. "मला पास कर, रोज तुझ्याकडे येईन." मग म्हणतोस, "निकाल लागला. आता देव माझी वाट बघतोय, म्हणजे मी गेलोच नाही ना नंतर, असं ते झालं." नीट ऐक. 'वाट बघतोय'ला हशा सुरू झाला होता. लोकांना कळलं नसेल या धास्तीने तू समजावून सांगायला लागलास आणि स्वतःचाच हशा दाबलास. 'वाट बघतोय' म्हण आणि गप्प राहा. ती शांतता सुरुवातीला खायला उठते, पण सवयीने जमतं.

आता खरा प्रश्न. हे एवढंसं वाक्य दुरुस्त करून पुन्हा दहा ठिकाणी तेच, पहिल्यांदाच सुचल्यासारखं म्हणायला तुला आवडेल का? कारण या धंद्यात दिवसचे दिवस जातात ते यातच. मुलाखतींत हे ऐकू येत नाही. तिथे बोलायला बसतात ते टिकलेले लोक, आणि कॉमेडियनची मुलाखत हाही एक प्रयोगच असतो. पार आपटलेली रात्रसुद्धा तिथे किस्सा होऊन येते, शेवटी पंचलाइनसकट. ती रात्र जगताना पंचलाइन नसते.

कॉलेज सोडू नकोस. 'हाताशी काहीतरी असावं' हे घरातलं वाक्य मी इथे वापरणार नाही, माझं कारण वेगळं आहे. नवख्याला कमी पडतो तो स्टेजवरचा वेळ, आणि तो मिळतो संध्याकाळनंतर. दिवस मोकळा ठेवल्याने स्पॉट, म्हणजे स्टेजवर मिळणाऱ्या संधी, वाढत नाहीत, फक्त पैशांची चणचण वाढते. आणि चणचण असली की माणूस न पटणारे कार्यक्रम घ्यायला लागतो. पैशाचा हा वाद जुना आहे. लॉस एंजेलिसच्या 'द कॉमेडी स्टोअर' या नावाजलेल्या क्लबमध्ये १९७९ साली कॉमेडियननी संप केला होता. प्रेक्षक पैसे मोजून यायचे, वाढपी मंडळींना पगार मिळायचा, पण ज्यांना ऐकायला लोक यायचे त्यातल्या बहुतेकांना काहीच मिळत नसे. संपानंतर एका सेटचे २५ डॉलर ठरले. पुढे मोठं नाव कमावलेले काही जण त्या संपात होते. तेव्हा पहिली काही वर्षं हे पोट भरणारं काम नाही असं धरूनच चाल.

फिरतीबद्दल मुलाखतींतून एक चुकीचं चित्र उभं राहतं. गाड्या, हॉटेलं, रात्रीच्या मैफली, वगैरे. प्रत्यक्षात नेहमीच्या क्लबमधल्या शोमध्ये सुरुवात करणाऱ्या ओपनरला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, मधल्याला वीस-तीस आणि शेवटी येणाऱ्या मुख्य कॉमेडियनला, म्हणजे हेडलायनरला, पाऊण तास ते तास. दिवसातला उरलेला वेळ अनोळखी गावात एकट्याने काढायचा असतो. तो वेळ ज्याला घालवता येत नाही, त्याचं या कामात व्यसनाकडे किंवा नैराश्याकडे घसरणं अवघड नसतं. तू रोज ठरावीक वेळी प्रार्थना करतोस, म्हणजे एकटं बसायची सवय तुला आहे. ती तुझ्या बाजूची गोष्ट आहे, तू ती अडचणीत का धरलीस कळलं नाही.

झेपेल की नाही याची परीक्षा स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या फ्रिंज या नाटक-विनोदाच्या महोत्सवात होते. १९४७ पासून चालत आलेला हा महोत्सव ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांहून अधिक चालतो. रोज तोच तासाभराचा शो, कधी भरलेल्या खोलीत, कधी चार माणसांसमोर, आणि अनेकांना शेवटी पदरचे पैसे घालावे लागतात. अर्धी रिकामी खोली हे वेगळंच प्रकरण असतं. रॉबर्ट प्रोव्हाइन या मेंदूशास्त्रज्ञाला आढळलं की माणूस एकटा असतानापेक्षा सोबतीत सुमारे ३० पट जास्त हसतो. म्हणून जाणता होस्ट शो सुरू व्हायच्या आधी विखुरलेल्या लोकांना पुढच्या रांगांत एकत्र बसवतो. तुझ्या पुढच्या ओपन माइकला हे सुचवून बघ. विनोद तोच राहील, खोली बदलेल.

आणि गर्दी मिळाली की सगळं मिटलं असंही नाही. अमेरिकन कॉमेडियन स्टीव्ह मार्टिन हजारोंची मैदानं भरवत होता आणि १९८१ मध्ये, ऐन भरात, त्याने स्टँड-अप सोडलं.

आता श्रद्धेचं. अमेरिकेतला कॉमेडियन जिम गॅफिगन कॅथलिक आहे, पाच मुलांचा बाप आहे, शिव्या टाळतो आणि बायकोबरोबर बसून विनोद लिहितो. आयर्लंडचा डेव्ह अ‍ॅलन नास्तिक होता. चर्चवर त्याने आयुष्यभर विनोद केले, आणि कार्यक्रम संपवताना म्हणायचा, तुमचा देव तुमच्या सोबत असो. एक आस्तिक, दुसरा नास्तिक, पण दोघांनाही चर्च आतून माहीत होतं. अ‍ॅलनला लहानपणी ननांनी शिकवलं होतं, त्याचे चिमटे नेमके बसायचे ते त्यामुळे. तुझ्यासोबतचे जे धर्मावर बोलतात, त्यांच्यापैकी कितीजणांना तो इतका जवळून माहीत आहे? तुझ्या सेटमधला चांगला भाग देवावरचाच निघाला, आणि तो देव मानणाऱ्यालाच सुचू शकतो. न मानणारा कशाला सौदा करेल?

पण हेही ऐक. श्रद्धा असणं आणि तिच्यावर बिट, म्हणजे सेटमधला एका विषयावरचा विनोदाचा तुकडा, असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मत मांडून टाळ्या मिळतात, आणि त्या हशापेक्षा स्वस्त पडतात. टाळ्यांची चटक लागली की सेटचं भाषण होतं. हे आस्तिकांचं होतं तसंच नास्तिकांचंही होतं, दोघांचेही कंटाळवाणे सेट मी ऐकलेत.

आणि स्टेजवरच्या मतांची किंमत मोजावी लागते. अमेरिकन कॉमेडियन लेनी ब्रूसला १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अश्लीलतेबद्दल दोषी ठरवलं. दोन वर्षांनी तो गेला आणि माफी मिळाली २००३ मध्ये. तिथल्याच बिल हिक्स या कॉमेडियनचा एक सेट १९९३ मध्ये टीव्ही कार्यक्रमातून पूर्ण कापला गेला. त्यात धर्म आणि गर्भपात या विषयांवरचे विनोद होते. हिक्स काही महिन्यांत कर्करोगाने वारला. तो सेट दाखवला गेला २००९ मध्ये, समोर त्याची आई बसलेली असताना. आज तर ओपन माइकची वीस सेकंदंही कोणी मोबाइलवर उचलतं आणि मागचा-पुढचा संदर्भ गळून पडतो. म्हणून श्रद्धेवरचं नवं मटेरियल आधी छोट्या खोलीत घासून घे, आणि पूर्ण सेटचं स्वतःचं रेकॉर्डिंग जपून ठेव.

घरच्यांना एवढ्यात ओपन माइकला नेऊ नकोस. तिथे त्यांना पंधरा नवखे आपटताना दिसतील आणि त्यांची खात्रीच पटेल. दहा मिनिटं पक्की झाली की तिकिटाच्या शोला ने. तोवर कॉलेजचं वर्षही संपत आलेलं असेल. पुढचं रेकॉर्डिंग पाठवशील तेव्हा एकाच बिटची तीन वेगवेगळ्या रात्रींची पाठव, एकाच रात्रीचं नको.