पॉवर आणि स्पिनसाठी बनवलेली टेनिस रॅकेट कोर्टवर प्रत्यक्षात कशी खेळते? सपाट फटके मारणाऱ्याने ती घ्यावी का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वय ४१, आठवड्यातून तीन दिवस क्लबमध्ये खेळता, फोरहँड बराचसा सपाट, सध्याची रॅकेट २७० ग्रॅमची, कोपर अधूनमधून दुखतं आणि प्रशिक्षकांनी पॉवर आणि स्पिनसाठीच बनवलेली बाबोला कंपनीची प्युअर एअरो सुचवली आहे. तिने खरंच स्पिन, म्हणजे चेंडूची फिरकी, वाढतो का, हा तुमचा प्रश्न.

ही रॅकेट चेंडूला वेग देते आणि उंची देते. तो चेंडू बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, आत खाली उतरवण्याचं काम मात्र तुमच्या हाताला करावं लागतं. हात खालून वर जात असेल तर ही रॅकेट फार उदार आहे. हात सरळ पुढे जात असेल तर तुमचे आज जेमतेम आत पडणारे चेंडू उद्या हातभर बाहेर जातील. त्यामुळे निर्णय रॅकेटपेक्षा तुमच्या फटक्याच्या वाटेवर अवलंबून आहे.

आता हे असं का होतं ते पाहू. प्युअर एअरोचं हेड (तारा लावलेला भाग) १०० चौरस इंचांचं, तारांशिवाय वजन ३०० ग्रॅम, तोलबिंदू मुठीच्या टोकापासून ३२ सेंटीमीटरवर, १६ उभ्या आणि १९ आडव्या तारा, फ्रेमची जाडी खालून वर २३-२६-२३ मिलिमीटर. यातला पॉवरचा मोठा हिस्सा त्या २६ मिलिमीटरमध्ये आहे. चेंडू आदळला की फ्रेम मागे वाकते आणि ती सरळ होईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो, म्हणजे वाकण्यात गेलेली ऊर्जा चेंडूला परत मिळत नाही. जाड फ्रेम कमी वाकते, म्हणून कमी गमावते. तारांचं उलट आहे. त्या दबल्या तरी घेतलेली बहुतेक ऊर्जा परत देतात. चेंडू मात्र चेपला की बरीच ऊर्जा गमावतो. मोठ्या हेडवरच्या, विरळ विणीच्या तारा जास्त दबतात, चेंडू कमी चेपला जातो आणि जोरात सुटतो.

स्पिनचं गणित जरा वेगळं आहे. चेंडू तारांवर जेमतेम पाच मिलिसेकंद असतो. एवढ्या वेळात मनगट फिरवून त्याला ‘गुंडाळता’ येत नाही, कितीही जण तसं सांगोत. रॅकेट वर जात असताना उभ्या तारा चेंडूबरोबर बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत झटक्याने जागेवर परत येतात. त्या परतीच्या धक्क्याने फिरकी वाढते. आडव्या तारा कमी आणि त्यांच्यातलं अंतर जास्त असेल, तर उभ्या तारांना सरकायला मोकळीक मिळते. (ही कल्पना टोकाला नेलेली ‘स्पॅगेटी’ रॅकेट १९७७ मध्ये आली. रुमानियाच्या इली नस्तासेने ती वापरली तेव्हा अर्जेंटिनाचा गिलेर्मो विलास दोन सेटनंतर सामना सोडून गेला आणि त्याची मातीच्या कोर्टवरची विजयमालिका तिथे तुटली. पुढे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने तशा तारांवर बंदी घातली.)

पण विरळ विणीचा मोठा परिणाम, जो जाहिरातीत कुणी सांगत नाही, तो चेंडू सुटण्याच्या कोनावर होतो. त्याच फटक्याला चेंडू जास्त वर उठून निघतो. सरावलेला खेळाडू मग रॅकेटचा चेहरा जमिनीकडे किंचित जास्त कलवतो आणि अधिक तिरक्या वाटेने वर जातो. फिरकी तिथून येते. म्हणजे रॅकेट तुम्हाला तसं खेळायची मुभा देते. तो बदल केलाच नाही तर हातात उरतो तो फक्त वर उठणारा, लांब जाणारा चेंडू. नवी रॅकेट घेऊन महिन्याभरात ‘हिच्यात कंट्रोलच नाही’ म्हणणारे बहुतेक जण याच ठिकाणी अडकलेले असतात.

कोर्टवर ती सगळ्यात सुंदर वाटते ती बेसलाइनच्या मागून मारलेल्या फोरहँडला. जाळी मध्यभागी ९१.४ सेंटीमीटर उंच असते. सपाट मारणारा तिच्यावरून वीतभर अंतर ठेवतो आणि प्रत्येक चेंडूला जीव मुठीत धरतो. टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) असेल तर मीटर-सव्वा मीटर वरून चेंडू नेता येतो, कारण पुढे फिरणारा चेंडू हवेत खाली दाबला जातो आणि टप्पा पडल्यावर उसळून समोरच्याच्या खांद्यापाशी येतो. राफाएल नदालच्या फोरहँडची फिरकी मिनिटाला सरासरी ३२०० फेऱ्यांच्या आसपास मोजली गेली होती, आणि तो याच घराण्याच्या रॅकेटने खेळला. पण तो आकडा त्याच्या हाताच्या वेगाचा आहे. तीच रॅकेट आपल्या हातात तेवढा स्पिन देणार नाही. कार्लोस अल्काराझ प्युअर एअरो ९८ वापरतो. तिचं हेड लहान, फ्रेम बारीक, वीण १६ बाय २० आणि वजन ३०५ ग्रॅम. नाव तेच असलं तरी ती बरीच वेगळी रॅकेट आहे आणि तुमच्यासाठी नाही.

सर्व्हिसला फायदा लगेच दिसतो, विशेषतः दुसऱ्या सर्व्हिसला. किक सर्व्ह (वरच्या फिरकीची सर्व्हिस) येत असेल तर ती उंच उसळते. साधी स्लाइस सर्व्ह (बाजूच्या फिरकीची) असली तरी वेग फुकटात मिळतो. रिटर्नला मात्र हात आखडता घ्या. मागे नेणं निम्मं करा, नुसतं अडवलं तरी चेंडू खोल जातो.

स्लाइस बॅकहँडला, म्हणजे चेंडू वरून खाली कापत मारलेल्या बॅकहँडला, ही रॅकेट त्रास देते. चेंडू वर उठायला पाहत असतो, त्यामुळे खाली कापत गेलात तर तो तरंगत जातो आणि समोरच्याला आयता मिळतो. उपाय म्हणजे खाली कापणं कमी करायचं आणि रॅकेट पुढे लांबवर न्यायची, चेहरा फार उघडा न ठेवता. व्हॉलीचंही (टप्पा पडायच्या आत मारलेल्या फटक्याचंही) तसंच. डबल्समध्ये जाळीपाशी चेंडू अपेक्षेपेक्षा जास्त उडतो, म्हणून मूठ सैल, झोका शून्य. ड्रॉप शॉट जमायला सगळ्यात जास्त दिवस लागतात.

फोरहँड बदलायचा असेल तर क्रम असा ठेवा. आधी ग्रिप: इस्टर्न (तळहात मुठीच्या मागे, हस्तांदोलनासारखा) धरत असाल तर तळहात मुठीच्या खालच्या बाजूकडे थोडा फिरवून सेमी-वेस्टर्नकडे या, एका दिवसात पूर्ण नको. मग चेंडूला भिडण्याआधी रॅकेटचं टोक चेंडूच्या पातळीपेक्षा फूटभर खाली जातंय का, ते बाजूने मोबाईलवर चित्रण करून बघा. स्वतःला जेवढं खाली वाटतं तेवढं ते नसतंच. चेंडू शरीराच्या पुढे घ्या, फटका खांद्यावर किंवा त्याच्याही वर संपवा. सुरुवातीला सर्व्हिस लाइनवर उभं राहून छोट्या कोर्टात खेळा, चेंडू जाळीवरून पुरेसा उंच जाऊन समोरच्या सर्व्हिस बॉक्समध्ये पडला पाहिजे. तिथे जमलं की मागे सरका.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे नुसतं वर घासणं: चेंडू फिरतो खूप, पण सर्व्हिस लाइनपाशी पडून समोर लाडू होऊन उभा राहतो. वर जाण्याइतकंच पुढे जाणंही हवं. दुसरी, वाट फार उभी झाली की चेंडू फ्रेमवर लागतो. तसं वारंवार होत असेल तर झोका थोडा आडवा करा. रॅकेटला दोष देऊ नका.

गटिंगबद्दल, म्हणजे रॅकेटला तारा लावण्याबद्दल, मी जास्त लिहितो, कारण तिथे सगळ्यात जास्त गडबड होते. लोक रॅकेटवर हजारो रुपये घालतात आणि दुकानदार जी तार, जे टेन्शन (तारांचा ताण) देईल ते घेतात. बाबोलाची आठ बाजूंची आरपीएम ब्लास्ट किंवा तत्सम पॉलिस्टर तार गुळगुळीत आणि कडक असते, म्हणून ती सरकून परत येते आणि स्पिन देते. मल्टिफिलामेंट तार (अनेक बारीक तंतूंची) मऊ, हाताला सुखाची. पण विरळ विणीत तिच्यात लवकर खाचा पडतात, उभ्या तारा सरकलेल्या जागीच अडकून बसतात आणि स्पिन जातो. दोन गेमनंतर बोटांनी तारा सरळ कराव्या लागत असतील तर ते होऊ लागलंय असं समजा.

तुमचं कोपर दुखतं, म्हणून पूर्ण पॉलिस्टर घेऊ नका. कडक फ्रेम, कडक तार आणि क्लबांत सर्रास खेळले जाणारे हवा गेलेले चेंडू, हे त्रिकूट टेनिस एल्बोला (कोपराच्या दुखण्याला) आमंत्रण आहे. उभ्या तारा १.२५ मिलिमीटर पॉलिस्टरच्या २१.५ किलोवर आणि आडव्या मल्टिफिलामेंटच्या २२.५ किलोवर, अशी मिश्र जोडी करून घ्या. पाउंडात ते साधारण ४७ आणि ५० होतं. पुण्या-मुंबईत आजही सवयीने ५५-५८ पाउंड ताणून देणारे आहेत. तो आकडा जुन्या सिंथेटिक गटच्या काळातला आहे, पॉलिस्टरला तो लावला की रॅकेट फळीसारखी होते. दुखणं सध्या चालू असेल तर पूर्ण मल्टिफिलामेंट २४ किलोवर, स्पिनचा मोह तेवढे महिने सोडायचा. आणि दुखणं आठवडाभर विश्रांती घेऊनही टिकलं तर आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, रॅकेट नंतर.

पॉलिस्टर तुटायची वाट पाहू नका. ती तुटण्याच्या कितीतरी आधी मरते. ताण पहिल्याच दिवसापासून उतरू लागतो आणि तुमच्या खेळाला १५ ते २० तासांत ती निर्जीव होते. लक्षण असं की चेंडू अचानक लांब जायला लागतात आणि हाताला बोथट धक्का जाणवतो. खेळाडू तेव्हा स्वतःचा फटका आवळू लागतो, खरं तर चूक तारेची असते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवल्यानेही ताण उतरतो. नॅचरल गट (जनावरांच्या आतड्याची तार) आपल्या पावसाळी, दमट हवेत टिकत नाही. कोकणपट्टीत तर तो विचारच सोडा.

जागेचाही फरक पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, तिथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. चेंडूला अडवायला हवा कमी आणि फिरकीने खाली दाबायलाही कमी. मुंबईत २१.५ किलोवर जमलेली रॅकेट पुण्यातल्या बालेवाडीच्या हार्ड कोर्टवर थोडी लांब मारते. तिथे नेहमी खेळत असाल तर अर्धा ते एक किलो वाढवा. उलट पावसाळ्यानंतरच्या ओलसर मातीवर चेंडू जड होतात, तेव्हा हीच पॉवर कामाला येते.

२७० ग्रॅमवरून एकदम ३०० ग्रॅमवर जाणं जाणवेल. तारा, वरची ग्रिप आणि डॅम्पनर (तारांची थरथर कमी करणारं रबर) धरून ती सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. पहिल्या तासात छान वाटतं, दुसऱ्या सेटमध्ये खांदा उशिरा येऊ लागतो आणि चेंडू शरीराच्या मागे भेटतो. म्हणून घेण्याआधी मित्राची किंवा दुकानाची चाचणी रॅकेट सलग दोन तास खेळा, दहा मिनिटं नव्हे. शेवटच्या अर्ध्या तासात २० फोरहँड कोनात मारा आणि किती बाहेर गेले, किती सर्व्हिस लाइनच्या आत अडखळले ते मोजा. तेच जुन्या रॅकेटने, त्याच चेंडूंनी करा. चाचणी रॅकेटवर कुठली तार किती टेन्शनवर आहे ते विचारायला विसरू नका, नाहीतर तुम्ही तारेची परीक्षा घेऊन फ्रेमला गुण द्याल.

दमायला झालं तर त्याच मालिकेतली २८५ ग्रॅमची ‘टीम’ घ्या. तुमच्या वर्णनावरून मला तीच जास्त योग्य वाटते. हलकी असल्याने समोरून जोराची सर्व्हिस आली की हातात किंचित मागे वळते, पण त्यावर इलाज आहे: हेडच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी, आतून दोन-दोन ग्रॅमची लेड टेप (वजन वाढवणारी शिशाची पट्टी) चिकटवली की ती स्थिर होते. टेप टोकाला, १२ च्या जागी लावू नका. तिथला एक ग्रॅम झोक्याला जवळपास दुप्पट जड वाटतो.

आणि सपाट फटकाच तुमचा आवडता असेल, तो बदलायची इच्छा नसेल, तर प्रशिक्षकांना तसं मोकळेपणाने सांगा. त्यात कमीपणा काही नाही. मग विल्सन क्लॅश १०० सारखी लवचीक फ्रेमची रॅकेट बघा, कोपरालाही ती सोसेल. प्युअर एअरो तेव्हाच घ्या जेव्हा पुढचे तीन-चार महिने फोरहँडवर काम करायची तयारी असेल.