आम्लाचा माग

सूक्ष्मजीवांकडून किरणोत्सारी अमिनो आम्ले तयार करून घेण्यावर मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, अशा आम्लाला ‘लेबल लावलेले’ म्हणावे की ‘चिन्हांकित’, आणि ‘ट्रेसर’ला, म्हणजे पदार्थ कुठे गेला हे दाखवणाऱ्या किरणोत्सारी अणूला, ‘अनुरेखक’ हा शब्द चालेल का.

त्याआधी ‘किरणोत्सर्ग केलेले आम्ल’ हा प्रयोग बाद करावा. तो वारंवार कानी पडतो आणि दर वेळी खटकतो. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर गॅमा किरण सोडतात, तेव्हा तो कांदा विकिरणित होतो, किरणोत्सारी होत नाही. इथे आम्लावर बाहेरून काहीच सोडलेले नसते. किरण टाकणारा अणू त्याच्या घडणीतच बसलेला असतो.

‘लेबल लावणे’ त्याच कारणाने फसवे आहे. क्लोरेला हे एकपेशीय शैवाल बंद पात्रात, उजेडात, कार्बन-14 हा किरणोत्सारी कार्बन असलेल्या कार्बन डायऑक्साइडवर वाढवतात. त्याला दुसरा कार्बन मिळतच नसल्यामुळे नव्याने वाढलेल्या पेशींची प्रथिने त्याच कार्बनची घडतात. पुढे ही प्रथिने तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे 24 तास तापवली की अमिनो आम्ले सुटी होतात. त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मात्र नष्ट होते. रासायनिक संश्लेषणात बहुधा एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असलेली दोन रूपे मिसळून मिळतात, तर शैवालाच्या प्रथिनांतून सजीवांना लागणारे एल-रूपच हाती येते, म्हणून हा खटाटोप. ‘चिन्हांकित’मध्ये ‘अंक’ म्हणजेच चिन्ह असल्याने पुनरुक्ती आहे, ‘अंकित’ पुरे.

‘अनुरेखक’ मात्र मुळीच नको. ज्या परिभाषाकारांनी तो सुचवला, त्यांनी ‘ट्रेस’चा चुकीचा अर्थ उचलला. नगररचना किंवा जलसंपदा विभागात नकाशावर पारदर्शक कागद ठेवून रेघा गिरवणाऱ्या कर्मचाऱ्याचे ते पदनाम आहे. कार्बन-14 काहीही गिरवत नाही, तो माग दाखवतो, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘माग’ हा अस्सल शब्द आहे. पूर्वी चोरी झाली की गावचा रामोशी पावलांचे ठसे पाहत शिवेपर्यंत माग नेई आणि तिथून तो पुढच्या गावाच्या स्वाधीन करी. माग जिथे संपे, त्या गावावर जबाबदारी येई. अंकित ल्यूसीन हे अमिनो आम्ल पेशीला दिल्यावर संशोधक नेमके हेच करतो: ते कोणत्या प्रथिनात शिरले, हे त्याच्या किरणांनी फिल्मवर उमटलेल्या काळ्या पट्ट्यावरून ओळखतो.

‘माग’ हा ‘मार्ग’चा प्राकृत ‘मग्ग’मधून आलेला वंशज, आणि ‘मागे’, ‘मागणे’ ही त्याचीच भावंडे; कारण संस्कृतात ‘मार्गयति’ म्हणजे शोधतो. काही कोशकार ‘मार्ग’ हा ‘मृज्’ म्हणजे पुसणे या धातूपासून काढतात. मला ते अजिबात पटत नाही. पुसले तर माग उरेल कसा? ‘मार्ग’ मृगापासून आला, रानातल्या जनावराच्या पावलांची वाट म्हणजे मार्ग, हे मत मला पटते, आणि ‘मृगयति’ म्हणजेही शोधतो, हा त्याला भक्कम आधार आहे. शिकारी, रामोशी आणि कार्बन-14 यांना एकाच धातूखाली आणणारी ही व्युत्पत्ती हाताशी असताना गिरवण्याचा शब्द उसना घेण्याचे कारणच नाही. मी ‘ट्रेसर’साठी ‘मागअणू’ लिहितो आणि आम्लासाठी ‘कार्बन-14 अंकित ल्यूसीन’.