कॅमेरा कपाटातून काढ

पत्र, थोडक्यात:
ताई, मी मूळची कोल्हापूरची, वय ३३. चित्रकलेचं शिक्षण झालंय. लग्नाआधी एका स्टुडिओत फोटोग्राफर होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे गेल्या वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला आलो. माझं जर्मन ए-टूपर्यंत, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत, पोचलंय, पण मी तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीवर येतो. नवरा म्हणतो, आधी बी-टू, म्हणजे चौथी पायरी, कर, नोकरी बघ, फोटो-चित्रं नंतर. मागच्या महिन्यात जुन्या बाजारात फोटो काढताना एक गृहस्थ अंगावर आले, फोटो पुसायला लावला. माझा रंग बघून बोलले का? तेव्हापासून कॅमेरा कपाटात आहे. म्युझियममध्ये गेले की आपण अडाणी वाटतो. त्यात हे मळकट आभाळ. सगळं सोडून भाषेच्याच मागे लागू का?
– ऱ्हाईनकाठची

प्रिय ऱ्हाईनकाठची,

आधी उठून कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लाव, मग पुढचं वाच.

बी-टू करायला हवं हे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. सकाळचा क्लास सोडू नकोस. चुकतंय ते ‘आधी’ आणि ‘नंतर’. क्लासमध्ये विषयही परका असतो आणि शब्दही परके: भाडेकरार, विम्याचे कागद, कचऱ्याचे वेगवेगळे डबे. फोटोग्राफीत विषय तुझ्या अंगात मुरलेला आहे, नवे आहेत ते फक्त शब्द. शिकवणारा ‘ब्लेंडे’ म्हणत लेन्सकडे बोट दाखवेल तेव्हा तो अ‍ॅपर्चरबद्दल, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या छिद्राबद्दल, बोलतोय हे तुला कुणी सांगावं लागणार नाही. म्हणून तुमच्या मुख्य रेल्वे स्टेशनच्या मागे, बेर्टा-फॉन-झुटनर-प्लात्सवर जी फोल्क्सहोखशूले आहे, तिथले फोटोग्राफीचे वर्ग बघ. प्रौढांसाठीच्या अशा शाळा जर्मनीत गावोगावी आहेत. वर्ग जर्मनमधलाच घे. कुणी इंग्रजीवर आलं तर न लाजता म्हण, “क्योनन वीर बिटं डॉइच श्प्रेषन?” बहुतेक लोक तुझी सोय व्हावी म्हणून इंग्रजी बोलतात. एकदा सांगितलंस की थांबतात.

आता बाजारातला प्रसंग. ते गृहस्थ तुझा रंग बघून बोलले की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही, आणि तुला लागलं ते खोटं आहे असंही म्हणणार नाही. पण फोटोच्या बाबतीत हा देश खरोखरच हळवा आहे. १८९८ साली जर्मनीचा पहिला चान्सलर बिस्मार्क गेला तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री त्याच्या खोलीत शिरले आणि त्याच्या मृतदेहाचा फोटो काढला. त्यावर मोठं वादळ उठलं. पुढे १९०७ मध्ये कायदा आला, आणि माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही हा त्यातला नियम आजही लागू आहे. गर्दीचा किंवा रस्त्याचा फोटो असेल आणि त्यात माणूस ओघाने आला असेल तर सूट आहे, पण चेहरा हाच विषय असेल तर विचारावंच लागतं. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढूच नकोस. आपल्याकडे कॅमेरा दिसला की चार जण फ्रेममध्ये येतात, तिथे तसं नाही. इमारतींचं मात्र सोपं आहे. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणारी इमारत खुशाल टिप.

आणि त्या आभाळाबद्दल. तू ज्या शहरात राहतेस तिथल्या कुन्स्टअकादमीत, म्हणजे कला महाविद्यालयात, १९७६ पासून बेर्न्ड बेशर फोटोग्राफी शिकवायचे. ते आणि त्यांची पत्नी हिला यांनी पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे, लोखंडाच्या भट्ट्या यांचे फोटो काढण्यात आयुष्य घातलं. नेहमी समोरून, शक्य तितक्या एकसारख्या चौकटीत आणि मुद्दाम ढगाळ दिवशी, कारण तेव्हा सावल्या पडत नाहीत आणि वस्तूचा आकार स्वच्छ दिसतो. मग तसे नऊ-बारा-पंधरा फोटो शेजारी शेजारी लावायचे. दोन टाक्यांमधला फरक तेव्हा कुठे डोळ्यांना दिसायला लागतो. आंद्रेआस गुर्स्की, कांडिडा ह्योफर, थोमास रूफ, थोमास श्ट्रूथ हे सगळे त्यांचे विद्यार्थी. गुर्स्कीचं ‘ऱ्हाईन दोन’ (१९९९) तुझ्याच नदीचं आहे: हिरवं गवत, पाणी आणि वर तेच मळकट आभाळ. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ४३ लाख डॉलरच्या आसपास विकलं गेलं. त्या वेळी जगातला तो सर्वात महाग फोटो होता.

तूही एकच विषय धर. मी सुचवते: ब्यूडशन. वर्तमानपत्रं, बिअर, सिगारेट, गोळ्या-चॉकलेटं विकणारी ती कोपऱ्यावरची छोटी दुकानं, आपल्या पानटपरीसारखी. प्रत्येकाचा समोरून, तेवढ्याच अंतरावरून, ढगाळ दिवशी एक फोटो. दुकान रस्त्यावरून दिसत असलं तरी आत जाऊन विचार: “डार्फ इश इअर ब्यूडशन फोटोग्राफीरन?” आठवड्याने प्रिंट काढून नेऊन दे. दुसऱ्या भेटीत गप्पा होतात, पहिल्या भेटीत नाही. यातल्या बऱ्याच दुकानदारांचं जर्मनही तुझ्यासारखंच मोठेपणी शिकलेलं असतं. ते तुझ्याशी इंग्रजीत बोलणार नाहीत आणि तुझी डेर-डी-डास, म्हणजे शब्दांची लिंगं, चुकली तर भुवयाही उंचावणार नाहीत. भाषा सुटायला याहून चांगली माणसं मला माहीत नाहीत.

म्युझियमचं म्हणशील तर सगळं बघायला जाऊच नकोस. तुमच्या के-ट्वेंटी या कलासंग्रहालयात पाउल क्ले या चित्रकाराची बरीच चित्रं आहेत. एका वेळी तीनच बघ, शीर्षक आधी जर्मनमध्ये वाच आणि पाटीवरच्या इंग्रजीकडे नंतर वळ. तू चित्रकला शिकलेली मुलगी आहेस. रेषा आणि रंग वाचायला तुला पाटी लागत नाही. हिवाळ्यात कुन्स्टअकादमी ‘रुंडगांग’साठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाच्या प्रदर्शनासाठी, काही दिवस सर्वांना खुली असते, तेव्हा विद्यार्थ्यांना थेट विचार की हे कसं केलंत. आणि तिकीट न काढता चित्र बघायचं असेल तर किर्शप्लात्सच्या भुयारी स्टेशनात उतर. २०१६ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गावरची सहाही स्टेशनं कलाकारांच्या हातची आहेत. किर्शप्लात्सला भिंतींवर लोखंडी पट्ट्यांनी अक्षरं वळवली आहेत. लांबून ती नुसती वेटोळी वाटतात, ठरावीक जागी उभं राहिलं तरच वाचता येतात. ती जागा शोध, फोटो काढ, घरी येऊन वाक्य लाव.

पैशांबद्दल तू लिहिलं नाहीस, पण ‘नंतर’च्या मागे तेही असावं असं मला वाटतं. वर्गाची फी हा घरखर्च आहे, तुझी चैन नव्हे. तुझ्या रहिवासी कार्डावर बघ, नोकरदाराच्या जोडीदाराला बहुधा कामाची पूर्ण परवानगी असते. पुढे फोटोचे पैसे घ्यायचे झाले तर आधी फिनान्सआम्टकडे, म्हणजे कर कार्यालयाकडे, नोंदणी कर, ओळखीतल्या लोकांचं बारसं असलं तरी.

नवऱ्याशी हे वाद घालून बोलू नकोस. क्लासचा दिवस आणि फोटोचा दिवस दोन्ही लिहिलेला आठवडा त्याच्यासमोर ठेव, फीचा आकडाही ठेव. आणि पहिल्या शनिवारी ट्रायपॉड धरायला त्यालाच ने.

– तुझी ताई