वाचकांचे प्रश्न : बेळगावात सुरळीत, गोव्यात गरम

प्रश्न : मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. माझी 1:8 मापाची नायट्रो बग्गी (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्शाची, नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर पळणारी रिमोटची गाडी) बेळगावात उत्तम पळते. परंतु गेल्या डिसेंबरात ती चोर्ला घाटाने म्हापशाला नेली, तेव्हा दुसऱ्याच टाकीला इंजिन तापून बंद पडले. आता नवे इंजिन घ्यावे म्हणतो. कोणते घ्यावे आणि नीडल (कार्बोरेटरमधले इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) कशी लावावी? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : नव्या इंजिनाची घाई नको, कारण दोष बहुधा जुन्या इंजिनाचा नसून घाटाचा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के विरळ असते. येथे अगदी काठावर लावलेल्या इंजिनात घाट उतरताच हवा अधिक शिरते, इंधन मात्र तेवढेच राहते आणि मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी पडणारे, होते (याच्या उलट, इंधन जास्त असलेले ते रिच). या इंजिनाला वंगणही इंधनातल्या तेलातूनच मिळत असल्याने ते तापते आणि शिवाय कोरडेही पडते.

म्हणून गोव्यात गाडी सोडण्यापूर्वीच हाय स्पीड नीडल (पूर्ण वेगाचे इंधन ठरवणारी) पाव फेरा उघडावी. इंजिन गरम झाल्यावर ती फेऱ्याच्या बाराव्या हिश्शाने घट्ट करत यावी आणि प्रत्येक वेळी पूर्ण थ्रॉटलवर एक-दोन फेऱ्या मारून पाहाव्यात. सायलेन्सरमधून निळसर धुराची बारीक रेघ दिसेनाशी झाली, तर आपण पुढे गेलो असे समजून मागे यावे. इंजिनाच्या डोक्यावरील, मिश्रण पेटवणाऱ्या ग्लो प्लगजवळचे तापमान 100 ते 120 अंश सेल्सिअस असावे. थर्मामीटर नसेल, तर हेडवर पाण्याचा थेंब टाकावा. तो तीन-चार सेकंद चरचरत उडाला तर ठीक, पडताक्षणी उडाला तर इंजिन जास्त तापले आहे. लो स्पीड नीडल (कमी वेगाचे इंधन ठरवणारी) त्यानंतरच लावावी: आयडलवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन मंद चालू असताना, इंधनाची नळी चिमटीत धरली असता वेग किंचित चढून इंजिन बंद पडावे. वेग न चढता लगेच बंद पडल्यास मिश्रण लीन, आणि वेग बराच वेळ चढत राहिल्यास रिच. वेगळ्या नायट्रो टक्केवारीचे इंधन घातले, तर हे सारे पुन्हा करावे लागते.

तरीही इंजिन घ्यायचेच असेल, तर 3.5 सीसीचे, म्हणजे 'एकवीस' (0.21 घन इंच) मापाचे, तीन किंवा पाच पोर्टचे (स्लीव्हमधील वायूच्या वाटांचे) घ्यावे; स्लीव्ह म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी. जास्त पोर्टची इंजिने सहसा वरच्या आरपीएमला खुलतात. आपल्याकडच्या आखूड, लाल मातीच्या मैदानांवर वळणातून बाहेर पडतानाचा जोर अधिक कामी येतो. हवेच्या फिल्टरला तेल लावण्यात मात्र कुचराई नको, कारण ही माती स्लीव्ह महिन्याभरात खाते.

पिस्टन-स्लीव्हची गोष्ट आपणासारख्या कारागिराला एका वाक्यात कळेल: पितळी स्लीव्ह वरच्या टोकाला टेपर, म्हणजे निमुळती, असते आणि पितळ पिस्टनपेक्षा अधिक फुगत असल्याने योग्य फिट गरम झाल्यावरच बसतो. म्हणून नवे इंजिन थंड असताना ओढून सुरू करू नये. हेअर ड्रायरने हेड चांगले तापवावे आणि रिच मिश्रणावर, मध्येमध्ये थंड करत, काही टाक्या चालवाव्यात. दिवस संपल्यावर टाकी रिकामी करून नळीतले इंधन जाळून टाकावे, तेलाचे चार थेंब सोडावेत आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन खाली आणून ठेवावा. वर राहिलेला पिस्टन थंड स्लीव्हमध्ये अडकतो.