सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर

"मॅडम, एलडीचं सर्टिफिकेट काढलं तर पोरावर कायमचा शिक्का बसेल का? आणि नाही काढलं तर त्याचं नुकसान होईल का?"

एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता. मुंबईतल्या शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करताना हे दोन प्रश्न मला जोडीनंच भेटतात. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि तिसरी-चौथीचा पहिल्या सत्राचा निकाल नुकताच हातात पडलेला असतो. मूल बोलण्यात तरतरीत असतं, ऐकलेली गोष्ट मीठमसाला लावून सांगतं, पण लिहायला बसलं की बोंब. शाळेनं 'एकदा तपासून घ्या' म्हणून निरोप धाडलेला असतो. घरात आजी म्हणत असते, आमच्यात आजवर कोणी मठ्ठ निघालं नाही. कोणी मीडियम बदला म्हणतं, कोणी बुद्धिवर्धक सिरप सुचवतं. मीडियम बदलून हा त्रास जात नाही, उलट नव्या भाषेचं ओझं वाढतं. आणि वाचायला शिकवणारं सिरप अजून निघालेलं नाही. ह्या दोन सल्ल्यांबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

सर्टिफिकेटबद्दल मी सांगते ते असं: जरूर काढा, पण त्या कागदानं मूल वाचायला शिकत नाही. वर्गाच्या बाई आणि स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांना वेगळं शिकवणाऱ्या शिक्षिका, मुलाची वही मधे ठेवून एकमेकींशी बोलायला लागल्या की गाडी हलते. नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून ओंकारची हकीकत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

ओंकार भांडुपच्या एका अनुदानित मराठी शाळेत चौथीत. वडील रिक्षा चालवतात. आई पहाटे दादरच्या फूलबाजारातून माल आणून स्टेशनजवळ हार विकते. शाळेची तक्रार तीन कलमी होती: फळ्यावरचं उतरवून घेत नाही, श्रुतलेखनात एखादाच शब्द बरोबर येतो, गणितात नापास. प्रगतिपुस्तकात शेरा होता, "लक्ष देत नाही. घरी सराव घ्यावा." घरचा सराव म्हणजे रात्री धंदा आवरून आल्यावर आईनं त्याला धरून बसवायचं, पाचव्या मिनिटाला आवाज चढायचा आणि दहाव्या मिनिटाला दोघंही रडायची.

"पण मॅडम, माझ्या जागी बसवला ना, तर हिशेबाला एकदम पक्का," आई म्हणाली. "सत्तर रुपयांचे हार, पाचशेची नोट. चारशे तीस परत, मी तोंड उघडायच्या आत. असं पोर गणितात नापास कसं होतं?"

हे वाक्य मी लिहून ठेवलं. पालक असं काही बोलून जातात, त्यात कित्येकदा चाचणीइतकीच माहिती असते.

आधी डोळे आणि कान तपासून घेतले. हे सांगावं लागतं, कारण चष्म्याचा नंबर किंवा कानातला मळ यांच्यामुळेही मूल मागे पडतं आणि 'एलडी' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. दोन्ही ठीक निघालं. मग त्याची मराठीची वही उघडली. 'किती'चं 'कीत', 'घर'चं 'धर', 'भाकरी'चं 'माकरी'. जोडाक्षर आलं की दोन्ही अक्षरं सुटी किंवा एक गायब. आपल्या लिपीची एक गंमत आहे. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची मात्र अक्षरानंतर. बहुतेक मुलं पहिलीच्या वर्षभरात हे पचवतात. ज्यांना आवाज आणि खूण यांची सांगड घालायलाच कष्ट पडतात, ती चौथीतही तिथेच अडखळतात. बुद्धी चांगली, शिकवणं रीतसर मिळालेलं, तरी वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादं कौशल्य वयाच्या मानानं फार मागे राहतं, तेव्हा अध्ययन अक्षमतेचा विचार करायचा.

शाळेत एका संस्थेतर्फे आठवड्यातून दोनदा स्पेशल एज्युकेटर यायच्या. ओंकार सत्राच्या सुरुवातीपासून त्यांच्याकडे जात होता. मागे पडलेलं भरून काढायच्या ह्या तासाला रिमेडियल म्हणतात, म्हणून मुलं त्यांना रिमेडियलच्या टीचर म्हणायची. म्हणजे मदत सुरू होती, तरी वर्गात फरक शून्य. दोघींना वेगवेगळं भेटले तेव्हा कारण कळलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "त्या खोलीत नेऊन काय शिकवतात मला ठाऊक नाही. माझ्याकडे पन्नासच्या वर पोरं आहेत. ह्याला सूट दिली तर उद्या सगळी मागतील." टीचर म्हणाल्या, "मी वेलांटी घेतेय, वर्गात त्याच आठवड्यात जोडाक्षरांचं श्रुतलेखन. लाल शेऱ्यांनी भरलेली वही घेऊन येतो आणि माझ्यासमोर पेन्सिल उचलत नाही."

पेन्सिल न उचलण्यामागे आणखी एक कारण होतं, ते ओंकारनं स्वतः सांगितलं. रिमेडियलला त्याला खेळाच्या तासाला उचलत. वर्ग खाली मैदानात कबड्डी खेळणार आणि हा वरच्या खोलीत अक्षरं गिरवणार. ही पद्धत मी बऱ्याच शाळांत पाहिली आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. जे मूल दिवसभर वर्गात हरतं, त्याचा जिंकायचा एकमेव तास आपण काढून घेतो आणि वर त्यानं उत्साहानं शिकावं म्हणतो. मुख्याध्यापकांशी बोलून तो तास परिपाठानंतरच्या वेळेत हलवला. परिपत्रक लागलं नाही, वेळापत्रकात एक खाडाखोड पुरली.

मग मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास काढून दोघींना एकत्र बसवलं. मी फक्त अट घातली की मुलाच्या स्वभावाबद्दल बोलायचं नाही, वहीत दिसतं त्याबद्दल बोलायचं. टीचरनी वर्गातली गणिताची वही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. एका पानावर होतं: 74 + 83 = 157. त्यावर लाल फुली. खाली 36 – 12 = 24. तिथेही फुली.

"पण हे बरोबर आहे की," टीचर म्हणाल्या.

"बरोबर कसं? मी सत्तेचाळीस अधिक अडतीस घातलं होतं. उत्तर पंच्याऐंशी. खालचं त्रेसष्ट वजा एकवीस."

टीचर थोडं थांबून म्हणाल्या, "ही गणितं फळ्यावर लिहिली होती की तोंडी सांगितली होती?"

"तोंडी. फळ्यावरची बरोबर येतात त्याची. मला वाटायचं, शेजारच्याचं बघून लिहितो."

हा सगळा उलगडा मिनिटाभरात झाला. मराठीत आपण सत्तेचाळीस म्हणताना सात आधी बोलतो, चाळीस नंतर. लिहिताना चार आधी, सात नंतर. ओंकार ऐकेल त्या क्रमानं लिहीत होता. म्हणून सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर, अडतीसचे त्र्याऐंशी, आणि त्यापुढची बेरीज बिनचूक. गल्ल्यावर त्याला काही लिहायचं नसतं, म्हणून तिथे तो पक्का. तोंडी सांगितलेलं चुकतं हे बाईंना माहीत होतं. ध्वनी आणि क्रम यांची गल्लत त्याच्या वाचनातही आहे हे टीचरना माहीत होतं. दोन्ही तुकडे सत्रभर एकाच इमारतीत, दोन मजल्यांवर वेगवेगळे पडून होते.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पार विधानसभेपर्यंत. विनोद मीही ऐकले आणि हसले. पण ओंकारसारख्या मुलासाठी ती पायरी फार कामाची आहे, हे माझं ठाम मत आहे. टीचरनी तीच धरली: सत्तेचाळीस ऐकलं की आधी 'चाळीस आणि सात' पुटपुटायचं, मग दशकाचं कार्ड, मग एककाचं, मग वहीत आकडा. बाईंनी तोंडी गणितं घालताना सगळ्या वर्गालाच संख्या दोनदा सांगायला सुरुवात केली. एकदा नेहमीसारखी, एकदा फोडून. 'ह्यालाच का सूट' हा प्रश्न तिथेच मिटला, आणि वर्गातल्या आणखी काही मुलांचा फायदा झाला तो वेगळाच.

बाकीचे बदलही असेच बिनखर्चाचे होते. फळ्यावरचं सगळं उतरवण्याऐवजी तो तीन ओळी लिहिणार आणि उरलेल्याची झेरॉक्स चिकटवणार. प्रकट वाचनाचा उतारा त्याला आदल्या दिवशी सांगायचा, म्हणजे घरी दोनदा वाचून येईल आणि वर्गात हसं होणार नाही. परिसर अभ्यासाची उत्तरं तोंडी घेऊन आशयाचे गुण वेगळे द्यायचे. एका आठवड्यात एकाच प्रकारच्या चुकीवर लाल खूण. वेलांटीचा आठवडा असेल तर जोडाक्षर चुकलं तरी पेन उचलायचं नाही. हे शेवटचं बाईंना सगळ्यात जड गेलं. वीस वर्षांची सवय होती. "हात शिवशिवतो हो," त्या म्हणायच्या.

टीचर इकडे ताटात रवा पसरून बोटानं अक्षर काढून घेत, काढताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायला लावत. डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लावायची ही पद्धत जुनीच आहे, अमेरिकेत 1930च्या दशकात मेंदूचे डॉक्टर ऑर्टन आणि शिक्षिका गिलिंगहॅम यांनी बसवलेली. आपल्या अक्षरांना आणि बाराखडीला ती छान लागू पडते.

दोघींमधला दुवा म्हणजे एक शंभर पानी वही. त्यात दर शुक्रवारी दोन-दोन ओळी. एका पानावर टीचरचं लिहिणं: "ध-घ सुटलं. भ-म अजून. श्रुतलेखनात भ-म नको." खाली बाईंचं: "ठीक. आज स्वतःहून हात वर केला. उत्तर चूक होतं, मी काही बोलले नाही." व्हॉट्सॲपवर का नाही, असं मला विचारतात. फोनवरचा निरोप पोचतो आणि वाहून जातो. वही पुढच्या वर्षी उघडता येते.

आता सर्टिफिकेट. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती 1996 पासून आहेत. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. त्याचं कलम 16 सांगतं की अशी अक्षमता शाळेनं लवकरात लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते उपाय करायचे. कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. म्हणजे मागायला जाताना उपकार मागतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत पहिलं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी असं होतं. मुंबईत सायन, नायर यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणिताची शैक्षणिक चाचणी आणि डॉक्टरांची तपासणी, असे हेलपाटे पडतात. नंबर लागायलाही वेळ जातो. म्हणून नववीत धावपळ करू नका, आणि जाताना शाळेचं पत्र व मुलाच्या खऱ्या वह्या न्या. आईनं शेजारी बसून सुंदर करून घेतलेल्या वह्यांचा तिथे उपयोग नाही.

शिक्क्याचं म्हणाल तर ओंकारच्या आईला मी विचारलं, "सध्या त्याला वर्गात काय म्हणतात?" ती गप्प बसली, मग म्हणाली, "ढब्बू. मास्तरसुद्धा." तो शिक्का कुठल्याही रुग्णालयानं दिला नव्हता. दिवाळीनंतर तिनं नंबर लावला. वडील आधी तयार नव्हते. चाचण्या चालू होत्या त्या दिवसांत टीचरची रव्यात अक्षरं काढायची पद्धत पाहून म्हणाले, "मला असं कोणी शिकवलं असतं तर सहावीत शाळा सुटली नसती." हा त्रास घराण्यात उतरतो, हे बरेच वेळा असं बोलता बोलताच कळतं.

वार्षिक परीक्षेत गणितात चांगले गुण मिळाले. मराठीत जेमतेम पास. अक्षर आजही दिव्य आहे, वाचन चौथीच्या मुलाचं नाही, आणि ते होईपर्यंत आणखी दोनेक वर्षं रिमेडियल लागेल हे मी घरी स्पष्ट सांगितलंय. रात्रीची रडारड थांबली, कारण आईनं शिकवणं सोडलं. आता ती फक्त उतारा वाचून दाखवते आणि तो ऐकतो.

सध्या काळजी पाचवीची आहे. विषयवार शिक्षक, नवे चेहरे, आणि जुन्या बाई त्या मजल्यावर नाहीत. अशा वेळी चांगलं चाललेलं मूल पुन्हा मागे जातं. म्हणून निकालाच्या दिवशीच बाई आणि टीचरनी मिळून एका पानावर लिहून ठेवलं: काय येतं, कुठे अडतो, वर्गात काय केलं की चालतं, काय केलं की बिघडतं. पहिली ओळ बाईंची आहे, "संख्या फोडून सांगावी." ते पान, शुक्रवारची वही आणि सर्टिफिकेटची प्रत घेऊन आई जूनच्या पहिल्याच आठवड्यात नव्या वर्गशिक्षकांना भेटणार आहे. घटक चाचणीचे पेपर हातात पडेपर्यंत थांबायचं नाही, एवढं तिनं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंय.