आजीची खुडूक कोंबडी आणि नातवाचे यंत्र

प्रश्न : अंडी उबवण्याचे लहान यंत्र विकत आणून एप्रिलमध्ये मी त्यात तीस अंडी ठेवली. त्यांपैकी अठरा शेजारच्या घरांतून आणलेली गावरान होती आणि बारा दुकानातली. सगळी स्वच्छ धुऊन ठेवली होती. एकविसाव्या दिवशी चारच पिल्ले बाहेर आली. बरीच पूर्ण वाढ होऊन कवचातच मेली. आमची अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी म्हणते, “यंत्राला खुडूकपण कुठून आणशील?” तिचे ऐकावे की यंत्रात सुधारणा करावी?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : दुकानातल्या बारा अंड्यांचा हिशेब आधी मिटवू. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांत कोंबडा ठेवत नाहीत, त्यामुळे ती अंडी फलित नसतात आणि कितीही ऊब दिली तरी त्यांतून पिल्लू निघत नाही. म्हणजे आपले अपयश खरे तर अठरा अंड्यांपुरतेच आहे. त्यांतही धुण्याची चूक झाली. कवचावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो गेला की जंतूंना आत शिरायला वाट मिळते. उबवायची अंडी धुवू नयेत. फार मळलेली बाजूला काढावीत आणि आठवड्याहून शिळी घेऊ नयेत.

पूर्ण वाढलेली पिल्ले कवचात मेली, याचे कारण बहुधा शेवटच्या तीन दिवसांत आहे. पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे, आर्द्रता पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के असावी, आणि तोवर दिवसातून किमान तीन वेळा अंडी फिरवावीत. अठराव्या दिवसानंतर फिरवणे थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी आणि झाकण उघडू नये. एप्रिलमधल्या कोरड्या हवेत “फुटले का?” म्हणून झाकण उचलले की आतली वाफ निघून जाते, कवचाखालचा पापुद्रा वाळून चिवट होतो आणि चोच मारणारे पिल्लू त्यातच अडकते. आपण झाकण किती वेळा उचललेत ते पत्रात लिहिलेले नाही, पण पहिल्या खेपेला न उचलणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता आजींना एक प्रश्न विचारून पाहा : खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी शेवटच्या दिवसांत काय करते? एरवी दिवसातून एकदा दाणा-पाण्यासाठी ती पंधरा-वीस मिनिटे उठते, पण पिल्ले फुटायच्या सुमारास टोपली सोडत नाही, आणि जुन्या बायकाही त्या दिवसांत तिला हात लावू देत नाहीत. यंत्राच्या माहितीपत्रकात जो नियम आकड्यांत छापलेला असतो, तोच आजींनी कोंबडीकडे बघून शिकलेला असतो. पोटाची पिसे झडून उघडी पडलेली कातडी अंड्यांना थेट ऊब देते आणि चोचीने ती अंडी दिवसभर सारखी करत राहते. आजी ज्याला खुडूकपण म्हणतात ते हेच, आणि यंत्राची सारी खटपट त्याचीच नक्कल करण्यासाठी आहे.

सातव्या दिवशी अंडे पाहण्याचे कामही त्यांच्याकडे द्यावे. अंधाऱ्या खोलीत दाराच्या फटीतून येणाऱ्या कवडशापुढे मुठीत अंडे धरले की जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, आणि वांझ अंडे पिवळसर, स्वच्छ राहते. टॉर्च लावूनही हेच दिसते. मात्र संशयाचे अंडे काढावे की ठेवावे, हा निर्णय सरावलेल्या नजरेचा असतो.

आजींचे सगळेच बरोबर असते असे मी म्हणणार नाही. मेघगर्जनेने अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा ठेवण्याची रीत आपल्याकडेही असेल. तिचा उपयोग नाही, पण खिळ्याने अपायही होत नाही, तेव्हा त्यावरून वाद घालू नये. मानमोडीच्या, म्हणजे राणीखेतच्या लसीचे मात्र तसे नाही. पूर्वी या साथीत खुराडीच्या खुराडी रिकामी होत असत, म्हणून पहिल्या आठवड्यातली लस पशुवैद्यकाकडून द्यावीच, आणि आजी नको म्हणाल्या तर तिथे आपण हट्ट धरावा.

एक उपाय दोघांनाही पटेल असा आहे. खुडूक मोडण्यासाठी आपल्याकडे कोंबडीला पाण्यात बुडवतात; आपल्या घरची कोणी खुडूक असेल तर या वेळी ते करू नये. संध्याकाळी टोपलीत राख आणि वर भाताचा पेंढा पसरून दहा-बारा अंड्यांवर तिला बसवावे, कारण अंधारात ती लवकर स्थिरावते. त्याच दिवशी यंत्रही सुरू करावे. एकविसाव्या दिवशी यंत्रातली पिल्ले वाळून फुलली की रात्री एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवावीत, म्हणजे सकाळी ती त्यांनाही आपलीच समजते आणि दिव्याच्या उबेचा खर्च वाचतो. हे सरकवण्याचे काम आजींनीच करावे. कोंबडीला त्यांच्या हाताची सवय आहे, आपला हात दिसला तर ती टोचेल.